बेग नसलेला अर्ज

अण्णा,

कोपरा फाडलेलं कार्ड टेबलावर पडलं तेव्हा मी तोच शब्द लिहीत होतो. 'आय बेग टु इन्फॉर्म यू.' कळवायचं होतं एवढंच की गोणी पोचल्या, त्यातल्या काही भिजल्या आहेत. गोणी भिजल्या हे सांगायलासुद्धा कराचीच्या ह्या ऑफिसात भीक मागावी लागते. कार्ड आणणारा आमचा शिपाई धोंडू राजापूरकडचा. फाटका कोपरा म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे त्याला कळत होतं, म्हणून तो कार्ड टाकून गेला नाही, तिथेच उभा राहिला. काकूंचं मोठं मोठं बाळबोध अक्षर ओळखलं आणि पुढचं वाचायची गरज उरली नाही. तरी वाचलं. "हे गेले. दमा होताच. शेवटी त्रास फार झाला नाही." टाकातली शाई त्या अर्ध्या वाक्यावर गळली. हेडक्लार्क पलीकडून बघत होते.

"कोण हो?"

"माझे मास्तर."

"अरेरे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कागद दुसरा घ्या. तो डागाळला."

दुसरा कागद घेतला आणि तेच वाक्य पहिल्यापासून लिहिलं. रडू मागाहून आलं, खोलीवर. त्या वेळी आली ती किळस. अनवाणी पाय पालीवर पडावा तशी, अंगभर. तुम्ही गेल्याचं कळल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तुम्ही जन्मभर ज्या शब्दाला आपला टाक लावला नाहीत तो शब्द सुवाच्य अक्षरात लिहिला. अक्षरही तुम्हीच वळवलेलं.

लोक तुमच्यावर लिहितील तेव्हा जन्म कुठला, परीक्षा कोणत्या, ते सगळं लिहितील. माझ्याकडे त्यातलं काही नाही. माझ्याकडे रत्नागिरीच्या मांडवी रस्त्यावरची तुमची पडवी आहे आणि एक इंग्रजी क्रियापद, ज्यावरून आपण भांडलो आणि भांडण अर्धं ठेवून तुम्ही गेलात.

मी मिरजोळ्याचा, मराठी चौथीवर शाळा सुटलेला. बाप गेला, घरची जमीन बहुतेक कातळ, म्हणून मांडवीला कौलांच्या वखारीत लागलो. वखारीसमोर तुमची पडवी. शाळेत तुम्ही सरकारी परीक्षांचं इंग्रजी शिकवायचात आणि संध्याकाळी पडवीत जो येईल त्याला पोटापुरतं. खलाशी यायचे, मुंबईला निघालेले यायचे. मी आलो तेव्हा अंगावर कौलांची लाल धूळ तशीच होती. तुम्ही विचारलंत, "इंग्रजी कशाला रे तुला?"

"हमाली करायची नाही म्हणून."

"मग काय करायचंय?"

"लिहायचं काम."

तुम्ही हसलात. "तीही हमालीच. बसून करायची, एवढंच."

तेव्हा मला ते कळलं नाही. आता रोज कळतं, मानेत आणि पाठीत.

पडवीवर लोक साहेबाला अर्ज लिहून घ्यायला येत. तुमची एक रीत होती, ती मी पुढे ना मुंबईत पाहिली ना इथे. इंग्रजी अर्ज लिहून झाला की ज्याचा अर्ज त्याला तुम्ही समोर बसवायचात आणि एकेका वाक्याचं मराठी करून त्याच्या तोंडावर मोठ्यानं वाचायचात. गाळायचं नाही, गोडही करायचं नाही. मग विचारायचात, "हे तू म्हणतोयस. म्हणतोयस ना? मग कर सही." पुष्कळांना ह्याचा कंटाळा यायचा. "मास्तर, तुमी लिवलाव म्हंजे बराबरच असंल, कशाला वाचताव?" तुम्ही ऐकायचा नाहीत. माणसाच्या नावाखाली त्याला न समजलेलं वाक्य ठेवणं म्हणजे त्याच्या पानात उष्टं वाढणं, असं तुम्ही म्हणत होतात.

बाबू तांडेलाच्या अर्जाचा दिवस आठवतो? आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून उतारू धक्क्याला आणायची होडी बाबूची. दिवेलागणीला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या दिसत नसत. तिथे एक दिवा हवा, असा अर्ज. तुम्ही मला म्हणालात, "सखाराम, आज तू लिही." मी नमुन्याच्या अर्जांच्या पुस्तकातून झोकदार मायना उतरवून काढला. छाती फुगवून कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा वर केलात, बाबूला समोर बसवलंत आणि वाचायला लागलात.

"'मी अत्यंत दीनपणे आणि आदरपूर्वक भीक मागतो की...'"

"कोन?" बाबू म्हणाला.

"तू."

"मी? भीक?"

"असं लिहिलंय इथं."

"कोनी लिवलान ह्ये?" पडवीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. "ह्या मिरजोळ्याच्या पोरग्यान? अरे, मी दिवा मागतंय. भीक कंदी मागितली मी? दिवा लावनं सायबाचं काम हाय. आमी पट्टी भरताव, फुकट ऱ्हाताव का?"

"मग तूच सांग, कसं लिहू?" तुम्ही अगदी गंभीरपणे विचारलंत.

बाबू उठला. डोक्याचं फडकं सारखं केलं, देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहतात तसे हात जोडले, आणि सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, तू हयसर बसलंयस, आमी तुजी लेकरं. दर्या आमी सांबाळताव, जमीन तू सांबाळ. धक्क्यावर काळोख हाय, पायरी दिसत न्हाय, बायामान्सं पडतात. तुजं काम तू कर, आमचं आमी करताव. चुकलंमाकलं पोटात घाल."

आणि पडवीतली सगळी माणसं सवयीनं, एका आवाजात, "व्हय म्हाराजा!"

तुम्ही हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, काकू आतून बघायला आल्या. मग डोळे पुसून माझा कागद बाजूला सारलात आणि बाबूचं गाऱ्हाणं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलंत. शेवटचं 'येस, महाराज' सुद्धा. ते मराठीत वाचून दाखवलंत तेव्हा बाबू मान डोलवत म्हणाला, "ह्ये माजं." आणि अंगठा उठवला.

अर्ज परत आला. नमुन्यात नाही म्हणून. मग बाजारातल्या अर्ज लिहिणाऱ्यानं चार ठिकाणी 'बेग' घातलेला दुसरा अर्ज केला, बाकीच्या होडीवाल्यांनी त्यावर अंगठे उठवले, आणि दिवा लागला. बाबूनं त्यावर अंगठा दिला नाही. पुढे एकदा मी त्याला दिव्याचं विचारलं तर म्हणाला, "चांगला हाय दिवा. लख्ख दिसतं. पन मी बगत न्हाय तेच्याकडं. मी माजा माड बगून व्हडी लावतंय, पयल्यासारखी."

मी तुम्हाला म्हणालो, "अण्णा, शेवटी बेगनंच काम केलं." आपलं भांडण तिथून सुरू झालं.

तुमचा तो जाडा इंग्रजी कोश, पाठीला काकूंच्या जुन्या लुगड्याची पट्टी चिकटवलेला. तुम्ही तो मांडीवर घेतलात, 'बी' काढलात. "ह्या शब्दाचा बाप कोण, बघू या." बराच वेळ वाचून म्हणालात, "साहेबाच्या कोशालाही नक्की माहीत नाही. कोणी म्हणतो, पूर्वी तिकडे मागून खाणाऱ्या बैराग्यांचा एक पंथ होता, त्याच्या नावावरून पडला असेल. कोणी म्हणतो, तसं नाही." मग बोट पानावर ठेवून तुम्ही तुमच्या आवडीचं काम सुरू केलंत. तुम्हाला शब्द माणसासारखा दिसायचा, कुठे जन्मला, कुणाच्या घरी राहिला, कुणाच्या पंक्तीला जेवला. "बघ हं. बैरागी मागत होता तेव्हा त्यात लाज नव्हती. तो देवाच्या नावानं मागायचा आणि मिळालं नाही तर पुढच्या दारी जायचा. मग शब्द अंगणातून ओटीवर आला. ओटीवरून दिवाणखान्यात. आता हा साहेब त्या साहेबाचं म्हणणं खोडतो तेव्हाही म्हणतो, 'आय बेग टु डिफर.' निरोप घेताना बेग, धक्का लागला तरी बेग. भांडतानासुद्धा भीक मागतात लेकाचे!"

"मग झालं तर," मी म्हणालो. "त्यांच्यात ती नुसती पद्धत आहे. आपणच कशाला मनाला लावून घ्यायचं?"

"ते दोघं एका उंचीच्या खुर्चीवर बसून म्हणतात, सखाराम. बाबू उभा असतो."

मला पटलं नव्हतं.

आणि मग शाळेचं ते प्रकरण झालं. शाळेनं महारांची मुलं घेतली होती, पण दाराबाहेर पोत्यावर बसवायची ठरवून. तुम्ही तुमच्या वर्गात त्यांना बाकावर घेतलंत. दुसऱ्यांच्या शेजारी, मध्ये मोकळी जागा न ठेवता. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष वकीलसाहेब. ते गोड बोलणारे. त्यांनी तुम्हाला काढलं नाही, घरी बोलावलं, मंडळाच्या बाकीच्यांनाही. त्यांनी म्हणे स्वतःच कागद तयार करून ठेवला होता, चार ओळींचा. माझ्या वर्तनाबद्दल क्षमा करावी अशी मी भीक मागतो. खाली सहीपुरती जागा. "मास्तर, नुसती रीत आहे हो. ह्याला कोण विचारतो? आम्ही फायलीत घालू, तुम्ही वर्गावर जा." तुम्ही तो कागद हातात घेतलात आणि सगळ्या मंडळासमोर त्याचं मराठी केलंत, मोठ्यानं, बाबूला वाचलंत तसंच. मग स्वतःलाच विचारलंत, "हे मी म्हणतोय का? नाही." कागद टेबलावर ठेवलात, छत्री घेतलीत आणि घरी आलात. पुन्हा शाळेत गेला नाहीत.

त्या दिवशी काकूंनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी पडवीत होतो. आमटी चुलीवर होती, त्यांनी झाकण असं आपटलं की कावळे उडाले. "एक शब्द! अहो, सगळं गाव लिहितं तो. कलेक्टर कचेरीत रोज पोतंभर येतात. तुमच्याच हाताला काय काटे आलेत? आता वाढू काय मी? ह्यांच्या ताठ्याला फोडणी देऊन वाढू आज?"

तुम्ही म्हणालात, "मोहरी बेतानं घाल."

काकू पुढे पुष्कळ दिवस तुमच्याशी भिंतीकडे बघून बोलत होत्या. तुमच्या शिकवण्यांतून जे येईल त्यात त्यांनी घर चालवलं, पण तो शब्द त्यांनी सोडला नाही. भात कमी पडला की "तुमचा तो बेग." लुगडं विरलं की "तुमचा तो बेग." इंग्रजीतला हा एवढा एकच शब्द त्यांना येत होता आणि तो त्या शिवीसारखा वापरत होत्या. मनातून मी काकूंच्या बाजूचा होतो. तुम्हाला ते माहीत होतं.

मी कराचीला निघालो त्या संध्याकाळी तुम्ही धक्क्यावर आलात. बाबूनं माझी वळकटी होडीत टाकली. मला वाटलं, आता सांगून टाकावं. "अण्णा, रागावू नका. आपण तरी पत्रात काय लिहितो? राजमान्य राजश्री. शिरसाष्टांग नमस्कार. कृपाभिलाषी. सगळं लोटांगणच ना? ते आपल्याला चालतं, आणि साहेबाचा बेगच तेवढा का टोचतो?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर मी विसरणार नाही. रागाची नव्हती. वखारीतल्या कौलं मोजणाऱ्याकडे तुम्ही असं कधी बघितलं नव्हतंत. बरोबरीच्या माणसाकडे बघतात तसं बघितलंत. "मुद्दा आहे," म्हणालात. "ह्याला उत्तर आहे माझ्याकडे. पण ते असं उभ्या उभ्या..." तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला. बाबू ओरडला, "चला, चला, पानी उतरतंय!" तुम्ही म्हणालात, "पत्रानं कळवतो."

पत्रं आली. आंब्याला मोहोर किती, काकूंचे गुडघे कसे, माझ्या इंग्रजीत कुठे चुका, सगळं आलं. ते उत्तर आलं नाही. आता येणारही नाही, आणि तुमच्या जाण्यातलं मला हेच फार लागलंय. माणूस गेला की दुःख होतं ते सगळ्यांनाच. पण माझ्याशी बरोबरीनं वाद घालणारं ह्या जगात एकच माणूस होतं, आणि त्यानं उत्तर खिशात घेऊन जावं?

एक गोष्ट मी तुम्हाला कळवली नाही. इथे सुट्टीच्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर सह्यांचे कागद घेऊन जावं लागतं. असाच गेलो होतो. व्हरांड्यात साहेब, मडम आणि त्यांचा पांढरा केसाळ कुत्रा. साहेबाच्या हातात बिस्किट होतं. त्यानं ते वर धरलं आणि म्हणाला, "बेग!"

कुत्रा मागच्या पायांवर बसला. पुढचे दोन्ही पंजे छातीशी जोडले, जीभ बाहेर, आणि मान वाकडी करून बघत राहिला. मडम टाळ्या पिटून हसली. साहेबानं जरा वेळ बिस्किट तसंच वर ठेवलं. कुत्र्याचे पाय थरथरायला लागले तरी तो खाली बसेना. "गुड बॉय." मग बिस्किट. मग साहेबानं तोच लाळेचा हात सदऱ्याला पुसला आणि माझ्याकडचे कागद घेतले. वरच्याच कागदावर, माझ्या अक्षरात, पहिला शब्द मी आणि दुसरा तो.

बंगल्याच्या फाटकाबाहेर मला ओकारी झाली. उन्हामुळे असेल म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पण तेव्हापासून तो शब्द लिहिताना माझे दोन्ही हात छातीशी आल्यासारखे वाटतात. हे तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही जिंकला असतात. पण लिहिलं नाही ते त्यासाठी नाही. तुम्ही लिहिलं असतंत, "परत ये," आणि मी आलो असतो, ह्याची मला भीती वाटली. मिरजोळ्याला आई आहे. तिचं माझ्या मनीऑर्डरवर चालतं. भीती मला सारखीच असते, अण्णा. साहेबाच्या बुटांचा आवाज आला की मी टाक ठेवून उभा राहतो, चूक नसली तरी. पण ही भीती वाटण्याजोगी नोकरी आहे तीही तुमच्यामुळेच. नाहीतर अजून कौलंच मोजत असतो. तुमचे उपकार आणि ही शिसारी एकाच टाकातून उतरतात, ती वेगळी कशी करू?

तुम्ही गेल्यानंतर काकूंचं दुसरं पत्र आलं. त्यात वर्तमानपत्राचा तुकडा होता. शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष वकीलसाहेब. तुम्ही थोर होतात, निःस्पृह होतात, शाळेचा आधारस्तंभ होतात. तुमच्या फोटोला हार घालताना त्यांना गहिवरून आलं, असं छापलंय. काकूंनी त्याखाली लिहिलं होतं, "आधी चष्मा पुसला, मग डोळे." तो तुकडा हातात धरवेना. अशी माणसं जिवंतपणी माणसाला दारातून घालवतात आणि मेल्यावर त्याच्या गळ्यात हार घालायला पहिले येतात. मेलेला मराठी करून विचारीत नाही ना, "हे तू म्हणतोयस ना?" म्हणून.

खरं पत्र पुढेच होतं. तुमच्या राहत्या दोन खोल्या देवस्थानच्या. तुमच्या वडिलांनी देवस्थानची चाकरी केली म्हणून मिळालेल्या. आता तुम्ही नाही, तर त्या काकूंच्या नावानं चालू ठेवायच्या की नाही हे पंचांनी ठरवायचं, आणि पंचांतही वकीलसाहेबच. ते घरी आले. खुर्चीवर बसले, पाणी प्याले. म्हणाले, "वहिनी, खोल्या तुमच्याच. नुसता एक अर्ज द्या. मास्तरांच्या हातून पूर्वी जे घडलं त्याची क्षमा व्हावी, आणि दया दाखवावी, अशा अर्थाचा. इंग्रजीत असला की बरं. नुसती रीत हो." काकूंनी मला लिहिलं होतं, "इंग्रजी तूच लिहितोस. लिहून पाठव. मी सही करीन."

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ह्या माणसाला तुम्ही जिवंतपणी जे दिलं नाहीत, ते आता तो तुमच्या बायकोच्या हातून घेणार. तुम्ही बाकावर बसवलेल्या पोरांबद्दलची क्षमा, तुम्ही उत्तर द्यायला नसताना. किळस, किळस, दुसरा शब्द नाही. पण काकू साठीच्या. गुडघे गेलेले. पोटी मूल नाही. माझ्या ह्या नाजूक नाकासाठी त्यांनी कुठे जावं? तुम्ही ताठ राहिलात ते काकूंच्या चुलीवर, हे मी बघितलंय. आता मीही त्यांच्याच डोक्यावरच्या छपरावर ताठ राहायचं?

मी लिहिलं, अण्णा. 'आय मोस्ट हम्ब्ली बेग.' काकूंच्या वतीनं, तुमच्या नावानं. अक्षर वाकडं आलं नाही, ह्याचाही राग आला. पण तुमची रीत माझ्याच्यानं मोडवेना. काकूंच्या तोंडावर वाचायला मी तिथे नव्हतो, म्हणून प्रत्येक ओळीखाली लहान अक्षरात मराठी लिहिलं, बाळबोध, त्यांना वाचता येईल असं. 'माझ्या मृत पतीच्या अपराधाची क्षमा व्हावी अशी मी अत्यंत दीनपणे भीक मागते.' 'भीक'च्या जागी 'विनंती' लिहायला हात गेला होता. नाही लिहिलं. पाकीट टाकलं आणि तेव्हापासून टपालाच्या वेळेला माझं कामात लक्ष लागेना.

काल उत्तर आलं. काकूंच्याच हातचं.

"चि. सखाराम यास अनेक आशीर्वाद. अर्ज परत पाठवला आहे. सही केली नाही. तू खाली मराठी लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर केली असती. ह्या एका शब्दापायी मी ह्यांच्यावर जन्मभर चिडले. आता तोच मी लिहायचा, तर मग मी एवढी वर्षं चिडले ती कशाला? वकिलांना सांगितलं, खोल्या घ्या. ते म्हणाले, विचार करा वहिनी. मी म्हटलं, ह्यांनी करून ठेवलाय. बाबू तांडेल आला होता. त्याने त्याची पडवी झाडून सारवून ठेवली आहे. त्याच्या विहिरीचं पाणी मी पिईन की नाही ते तिथं गेल्यावर बघीन. म्हणाला, वैनी, तुमी तुमची घागर वेगळी ठेवा, आमी रागवत न्हाय. मला मेलीला त्याचीच लाज वाटली. कोश फार जड आहे, मला उचलत नाही. दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. जमलं तर ये."

अण्णा, ह्या बाईला तुम्ही पडवीत इंग्रजी शिकायला कधी बसवलं नाहीत. आणि ती आतून सगळं ऐकत होती.

आज सकाळी मी रजेचा अर्ज लिहिला. तीन ओळींचा. हेडक्लार्कनी वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"बेग राहिला."

"राहिला नाही. घातला नाही."

"सखाराम, साहेब फाडील हा. वर नोकरीवरही येईल. कशाला? नुसती रीत असते ती." माणूस वाईट नाही. काळजीनंच बोलत होता.

"आमच्यातही एक रीत आहे," मी म्हणालो. आई डोळ्यांसमोर आली, मनीऑर्डर आली, ते पंजे आले. मग मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि माझाच अर्ज मराठीत मोठ्यानं वाचला, सगळं ऑफिस ऐकत असताना. "माझे शिक्षक वारले आहेत. त्यांच्या पत्नीचं घर हलवायचं आहे. मी शुक्रवारच्या बोटीनं रत्नागिरीस जात आहे, आणि काम झालं की परत येईन."

कुठेही अडखळलो नाही. हे मी म्हणतोय. म्हणतोय ना? केली सही.

हेडक्लार्क कागदाकडे बघत राहिले. दाराशी स्टुलावर बसलेला धोंडू मान वर न करता, देवळात म्हणतात तसा हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."